चांदीवरचा अंगठा

ईप्सिता जर्मनीत नेमकं काय करते, हे पुण्यातल्या नातेवाइकांना समजावता समजावता तिच्या आईच्या, म्हणजे कुसुमताईंच्या, नाकी नऊ यायचे. "पीएचडी करते, कॉम्प्युटरमध्ये," इथपर्यंत गाडी नीट चालायची. त्यापुढे कुणी "म्हणजे कशावर?" असं विचारलं, की त्या फोन लावून सरळ लेकीलाच पुढे करायच्या. ईप्सिता मजेत सांगायची, "एकाच नावाचे राजे असतात ना, त्यांना मी वेगळं करते." समोरचा माणूस "वा, छान छान" म्हणत लगेच तिथल्या थंडीकडे वळायचा.

थट्टा सोडली तर काम खरंच तेवढंच होतं. ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ती फोटो ताडून पाहणारा एक प्रोग्राम लिहीत होती आणि त्यासाठी लागणारे फोटो गावातल्या एका लहानशा संग्रहालयातून यायचे. तिथे मध्ययुगीन इराणच्या चांदीच्या नाण्यांचं एक कपाट होतं. त्या नाण्यांवर राजाचा चेहरा नसतो, नुसती अक्षरं असतात. आणि नावं ठेवण्याच्या बाबतीत त्या राजांनी डोकं म्हणून चालवलेलं नव्हतं. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला, डोंगरांत, बावंद नावाचं घराणं काही शतकं टिकून होतं. त्यात रुस्तम, शहरयार, कारिन, की पुन्हा शहरयार, पुन्हा रुस्तम. शेजारपाजारच्या घराण्यांत बघावं तर मनुचेहरच्या घरी फरिदून आणि फरिदूनच्या घरी मनुचेहर. सगळी जुन्या दंतकथांमधल्या वीरांची नावं. राज्य चार दऱ्यांचं का असेना, पोराचं नाव मात्र राक्षस मारणाऱ्याचं.

ईप्सिताच्या वर्गात तीन अमृता होत्या. बाई त्यांना उंच अमृता, चष्म्याची अमृता आणि बोलकी अमृता म्हणायच्या. तिनेही तीच पद्धत उचलली. कपाटात दोन रुस्तमांची नाणी होती. आधीच्या काळातला तो थोरला रुस्तम, नंतरचा तो धाकटा.

कपाटाच्या किल्ल्या फ्राउ ल्यूडर्सकडे असायच्या. निवृत्तीला टेकलेली, उंच, बडीशेपेचा चहा पिणारी बाई. नाण्यांच्या कडा सोडून कुठे बोट लावलेलं तिला खपत नसे, आणि कुणी नाणं घासूनपुसून लख्ख केलं असं ऐकलं, की तिच्या चेहऱ्यावर शोककळा पसरायची. ईप्सितावर मात्र तिचा जीव होता. एकदा ईप्सिताने तिला डिंकाचा लाडू खायला दिला होता. तेव्हापासून दर सोमवारी ती आशेने डब्याकडे बघायची.

धाकट्या रुस्तमच्या नाण्यावर अंगठ्याचा एक ठसा होता.

यात नवल काहीच नव्हतं. घामट बोट लागलं आणि नाणं तसंच कपाटात पडून राहिलं, की वर्षांमागून वर्षं चांदी तिथे काळपट पडत जाते आणि रेषा न् रेषा दिसायला लागते. कुणातरी जुन्या शौकिनाने कधीकाळी ते हातात धरलं असणार. फक्त या अंगठ्याच्या मधोमध वाटाण्याएवढा गोल डाग होता, आणि त्यात एकही रेषा नव्हती. भाजल्याची जुनी खूण असावी.

ईप्सिताला तो ठसा बघताक्षणी घरची आठवण झाली. तिच्या बाबांची, श्रीरंगरावांची, चांदीची सुपारीची डबी होती. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, हसणं जास्त. दर रविवारी नारळ मात्र तेच खोवणार, आणि त्यापायी विळीने एकदा उजव्या अंगठ्याला चांगलाच तिरका काप गेला होता. त्याचा व्रण कायमचा राहिला. सकाळी वर्तमानपत्र उघडलं, की ते घरातून नाहीसे व्हायचे. कुसुमताई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, चहा टाकू का?" आणि पेपराच्या वर नुसता तो व्रणाचा अंगठा उगवायचा. हेच उत्तर. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा ईप्सिताने सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर डबीच्या झाकणावर त्यांचा अंगठा उमटलेला दिसला, तिरक्या कापासकट. दिवाळीत घरातली सगळी चांदी घासली जायची, पण त्या डबीला कुसुमताई कुणाला हात लावू देत नव्हत्या. ईप्सिताला बाबांची आठवण अजूनही कुठेही, अगदी बसस्टॉपवरसुद्धा यायची आणि डोळे भरायचे.

त्यामुळे नाण्यावरच्या त्या परक्या अंगठ्याशीही तिचं गोत्र जुळलं. सकाळी कपाट उघडल्यावर ती त्याला "काय राव, कसं काय?" असं मराठीतून विचारायची.

एके दिवशी फ्राउ ल्यूडर्सने जुने फोटो आणून दिले, काचेच्या निगेटिव्हवरून छापलेले. तिच्या आधीच्या आधीच्या अधिकाऱ्याने काढलेले होते ते. तेव्हा कपाटात थोरला रुस्तम एकटाच होता, धाकटा अजून आलेला नव्हता. ईप्सिताने थोरल्याचा फोटो पडद्यावर मोठा केला आणि तिचा हात थांबला. नाण्याच्या उजव्या अंगाला अंगठा होता, आणि त्याच्या मधोमध गोल डाग.

तिने कप्प्यातून थोरल्या रुस्तमचं नाणं काढलं. ते स्वच्छ होतं. अगदी एकसारखं, जुनं, करडं.

"पुसलं असेल कुणीतरी," ती म्हणाली.

"माझ्या कपाटात?" फ्राउ ल्यूडर्सने चष्मा काढला. "ईप्सिता, पुसलेली चांदी ओरडून सांगते. ओरखडे दिसतात. हे बघा, काही नाही. याला कुणीही हात लावलेला नाही."

"मग ठसा गेला कुठे?"

फ्राउ ल्यूडर्सने धाकट्या रुस्तमच्या कप्प्याकडे पाहिलं, आणि चहाचा पेला उचलून ती खिडकीपाशी गेली. ईप्सिताने दोन्ही फोटो आपल्या प्रोग्रामला भरवले. प्रोग्रामला भीतीबिती काही ठाऊक नव्हतं. त्याने तत्काळ सांगितलं, दोन्ही अंगठे एकच.

ईप्सिताने स्वतःची समजूत घातली. नंतर धाकटं नाणं आलं तेव्हा तेही त्याच जुन्या अधिकाऱ्याने हाताळलं असेल, आणि थोरल्यावरचा ठसा काळाच्या ओघात पुसट झाला असेल. जरा ओढूनताणून वाटत होतं, पण चालण्यासारखं होतं. मधल्या पिढ्यांतल्या शहरयारांची नाणीही तिने तपासली. त्यांच्यावर बोटाची एक रेघही नव्हती.

मग मे महिन्यात तिसरा रुस्तम आला. गावातले एक वृद्ध दंतवैद्य वारले आणि त्यांच्या मुलांनी त्यांचा नाण्यांचा संग्रह संग्रहालयाला दिला. प्रत्येक नाणं मेणकागदात गुंडाळून वर लाखेची मोहोर केलेली. छान ऊन पडलं होतं, बाहेर कुणीतरी हिरवळीवर गवत कापत होतं. फ्राउ ल्यूडर्सने एक मोहोर फोडली, चिमट्याने नाणं बाहेर काढलं, मखमलीवर ठेवलं आणि ईप्सिताने अक्षरं लावली. रुस्तम. आधीच्या दोघांहून बऱ्याच नंतरचा. नाणं कोरं होतं, डाग नाही की ठसा नाही.

"विलकॉमेन, नातू," फ्राउ ल्यूडर्स खुशीत म्हणाली आणि धाकट्या रुस्तमशेजारी त्याला जागा करून दिली. धाकटा आता मधला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईप्सिताने कप्पा ओढला. मधल्या रुस्तमचं नाणं स्वच्छ होतं. अंगठा नव्या नाण्यावर बसला होता, गोल डागासकट.

तिने फ्राउ ल्यूडर्सला बोलावून दाखवलं. "हो," फ्राउ ल्यूडर्स हळूच म्हणाली. "याला त्याचंच नाव आहे ना. तो येणारच." मग तिने कप्पा फार हलक्या हाताने लोटला, झोपलेल्या माणसाची खोली लावून घ्यावी तसा. "बारशाला जाताय ना तुम्ही? जा, जा. मला लाडू आणा."

बारसं न्युरेम्बर्गला होतं. ईप्सिताचा मोठा भाऊ यशोधन तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि त्याला आणि उर्जावहिनीला मुलगा झाला होता. खरं तर बारसं केव्हाच व्हायला हवं होतं, पण आजीचा, म्हणजे कुसुमताईंचा, व्हिसा यायला उशीर झाला आणि आजीशिवाय कसलं बारसं? तोवर पोरगं पाच महिन्यांचं झालं. श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्मनोंदणीच्या कार्यालयात, त्याचं नाव कधीच लागलं होतं: नील. जर्मन जिभेला सोपं, मराठी कानाला गोड. बारशात फक्त त्या नावाची रीतसर घोषणा व्हायची होती, आणि ती आत्याने करायची होती. आत्या एकच होती.

ईप्सिता पोहोचली तेव्हा दार यशोधनने उघडलं. त्याच्या हातात चांगला ओंजळभर मोठा, गुळगुळीत दगड होता.

"पेग्निट्झ नदीच्या काठावरनं आणला," तो अभिमानाने म्हणाला. "आई म्हणाली वरवंटा पाहिजे. इथे कुठला मिळणार वरवंटा? घरी आणून तीनदा धुतलाय."

"याला कुंची घालणार?"

"घातली पण! ट्राय करून बघितली. माझ्यापेक्षा देखणा दिसतो."

आतल्या खोलीत उर्जा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "नीऽलू," तिने सुरात हाक मारली, "बघ कोण आलं!" आणि नीलू दोन्ही पाय झाडून तोंडभर हसला. आपलं नाव त्याला कळत होतं, किंवा निदान आईचा तो सूर तरी. यशोधनने हाक मारली तरी तो तसाच पाय झाडायचा. ईप्सिताने पाच-सहा वेळा "नीलू, नीलू" करून खात्री करून घेतली आणि दरवेळी ती त्याच्याइतकीच हसली.

जेवताना तिने रुस्तमांची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली, फ्राउ ल्यूडर्सची नक्कल करून. यशोधन म्हणाला, "इप्सी, तुमच्या कपाटात दमट हवा शिरतेय, दुसरं काही नाही." उर्जा हसता हसता अंगावर काटा आला म्हणून दंड चोळत होती. कुसुमताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आजोबाचं नाव नातवाला ठेवलं की येतो म्हणतेस?"

"मी कुठे म्हणते? फ्राउ ल्यूडर्स म्हणते."

"शहाणी बाई दिसते," कुसुमताई म्हणाल्या आणि भात वाढायला लागल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात घुगऱ्यांसाठी हरभरे निवडताना त्यांनी विषय काढला. बारशाला आलेल्यांच्या हातावर घुगऱ्या पडल्या नाहीत, तर त्यांच्या मते ते बारसंच नव्हे.

"ईप्सिता, उद्या कानात नाव सांगशील ना, तेव्हा नील सांग. आणि मग त्यांचं पण सांग."

"बाबांचं?"

"कागदावर नको. कुणाला सांगायला नको. एकदाच, कानात."

"आई, मग तूच सांग ना त्याला आंघोळ घालताना."

कुसुमताईंनी हातातला हरभरा खाली ठेवला. "मी कधी त्यांचं नाव घेतलंय का गं?"

"उखाण्यात घेतेस की."

"तो उखाणा झाला. ती काय हाक आहे? चाळीस वर्षं 'अहो' म्हटलं मी. आता माझी जीभ वळत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसतही होत्या. "घर फार गप्प झालंय गं. इथे येऊन बघते तर हे पोरगं. तेच कपाळ आहे. तुला नाही दिसलं?"

दिसलं होतं. ईप्सिताला दारातच दिसलं होतं.

"ती नाणी आहेत, आई," ती म्हणाली.

"आणि हे बाळ आहे," कुसुमताई म्हणाल्या. "बाळाचे कान उघडे असतात."

रात्री कुंचीला गोंडे शिवत असताना उर्जाने आपणहून सांगितलं, "आईंच्या मनात बाबांचं नाव होतं, मला माहितीये. मलाही बाबा किती आवडायचे! माझ्या डोहाळजेवणाला असते तर नाचले असते. पण ताई, त्याला त्याचं स्वतःचं नाव असू दे. एवढुसा जीव आहे. त्याच्या अंगावर दुसऱ्याचं आयुष्य कशाला चढवायचं?" ईप्सिता म्हणाली, "गेनाऊ. अगदी बरोबर." आणि तिला ते मनापासून पटलेलं होतं. तिने उर्जाला शब्दच दिला, की कानात फक्त नील.

दुसऱ्या दिवशी घर गजबजून गेलं. न्युरेम्बर्गमधली चार मराठी कुटुंबं आली होती. त्यांची पोरं मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तरं देत होती आणि घुगऱ्यांना नाकं मुरडून श्रीखंडावर तुटून पडत होती. पाळणा म्हणून शेजारणीने तिचा श्टुबेनवागन दिला होता, चाकांचा, वेताचा, जुना. त्याला झेंडूऐवजी पिवळ्या जरबेराची माळ बांधली होती. शेजारीण स्वतः टिकली लावून पहिल्या रांगेत बसली होती.

कुंची घातलेला पेग्निट्झचा दगड आधी पाळण्याच्या खालून गेला, वरून आला, बायकांच्या हातांतून फिरला. जर्मन शेजारणीने तो फार गंभीरपणे, मान धरून घेतला. त्यावर सगळ्या इतक्या हसल्या, की नील दचकून रडायला लागला. उर्जाने "नीऽलू" म्हटलं आणि तो लगेच गप्प झाला.

ईप्सिताने आणलेली भेट त्याच्या हातात दिली. चांदीची वाटी, कोरी, नवी, तिने स्वतः मऊ फडक्याने पुसून आणलेली. त्याने दोन्ही मुठींनी वाटी घट्ट धरली आणि सरळ तोंडात घातली.

"आत्या, चला!" कुणीतरी ओरडलं. बायका तिच्या पाठीमागे मुठी वळवून तयार राहिल्या. कानात नाव सांगितलं, की आत्याच्या पाठीत बुक्के बसणार, ही तर खरी मजा.

ईप्सिता पाळण्यावर वाकली. नीलच्या अंगाला वेखंडाचा आणि दुधाचा वास येत होता. कान जर्दाळूएवढा. तिने हाताचा आडोसा केला.

"कुर्रऽऽ," ती म्हणाली. "नील."

एवढंच म्हणून उठायचं होतं. पाठीवर पहिला बुक्का पडलाही. पण समोर ते कपाळ होतं. आणि पाळण्याच्या पलीकडे आई उभी होती, पदर तोंडाशी धरून.

एकदाच, तिला वाटलं. फक्त एकदा म्हणून बघते. बाबा.

"श्रीरंग," ती कानात म्हणाली.

बुक्क्यांचा पाऊस पडला. सगळ्या हसत होत्या, "नील! नील!" म्हणून गलका चालला होता, यशोधन पेढे वाटत सुटला होता. ईप्सिताही हसत सरळ झाली. बाळाने पाय झाडायचं थांबवलं होतं. ते तिच्याकडे बघत होतं. शांत, ओळखीचं बघणं होतं ते. मग त्याने वाटी पुन्हा तोंडात घातली.

जेवणं झाली, पाहुणे गेले. दुपारचं ऊन बाल्कनीतून थेट सतरंजीपर्यंत आलं होतं. उर्जा आत पडली होती. नील दुपट्यावर जागा होता. ईप्सिताने त्याच्या हातातून वाटी अलगद सोडवली, धुतली आणि उन्हात पुसायला घेतली.

वाटीच्या बाहेरच्या अंगाला ठसा होता.

तिने फडकं फिरवलं. गेला नाही. तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसला. नव्या चांदीवर तो काळपट, मुरलेला होता. वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखा.

अंगठा मोठ्या माणसाचा होता. मधून तिरका काप गेलेला.

ती हसली. तिचं तिलाच कळलं नाही, पण आधी हसूच आलं. आनंद झाला तिला. "बाबा," ती पुटपुटली.

मग तिने आईची पिशवी उघडली. सुपारीची डबी आई जाईल तिथे बरोबर न्यायची. ईप्सिताने ती रुमालातून सोडवली.

झाकण स्वच्छ होतं.

ओरखडा नव्हता. कुणी पुसलेलं नव्हतं.

तिने वाटी पुन्हा उचलली आणि सावकाश फिरवून सगळीकडून पाहिली. तासभर त्या पोराने ती दहाही बोटांनी कवटाळली होती, चोखली होती, आपटली होती. त्याच्या चिमुकल्या बोटांचा एकही ठसा धुण्याआधीही तिला दिसला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिने त्याचं बोट धरलं आणि डबीच्या कोऱ्या झाकणावर हळूच दाबलं.

काहीच उमटलं नाही.

"नीऽलू," दारातून उर्जाची हाक आली. ती झोपेतून उठून केस बांधत उभी होती. "उठलास का रे राजा?"

तो वळला नाही. बाल्कनीकडे बघत राहिला.

"नीऽलू! ए नीलोबा!"

पायही हलले नाहीत. उर्जाने पुन्हा त्याच सुरात हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने. ईप्सिताने वाटी मुठीत गच्च धरली.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. कुसुमताईंनी सवयीने, कुणाला म्हणून नाही, आतूनच विचारलं, "अहो, चहा टाकू का?"

बाळाने मान वळवली. आवाजाच्या दिशेने बघितलं. त्याची उजवी मूठ सावकाश दुपट्यावरून वर आली, आणि मुठीत दडलेला अंगठा बाहेर निघून सरळ उभा राहिला.

"अगं बाई, बघा तरी!" उर्जा टाळी वाजवून हसली. "आजीचाच झालाय तो!"

कुसुमताई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आधण ठेवायला आत वळल्या.